क्लास सुटल्यावरची पाच मिनिटं

एप्रिल-मेचं सत्र जवळ आलं की गांधर्वच्या, म्हणजे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या शास्त्रीय गायनाच्या परीक्षेला मुलं बसवणाऱ्या आमच्यासारख्या क्लासवाल्यांची काय धावपळ होते ते बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. बाहेर ऊन ४४-४५ वर गेलेलं, आत कूलर घरघर करून राहिला, आणि एकाच खोलीत प्रारंभिकची, म्हणजे पहिल्या परीक्षेची चिमुकली, मधल्या पायरीच्या मध्यमाला बसलेल्या कॉलेजच्या मुली आणि बँकेतून परस्पर क्लासला आलेले विशारदचे एखादे काका. एकाची पट्टी, म्हणजे पेटीवरची सा ची जागा, काळी एक, एकीची काळी चार, तिसरीची काळी पाच. कोणाचा भूप चालू, कोणाचा भीमपलास, आणि कोपऱ्यात कोणीतरी झपतालाची तिगुन, म्हणजे तिप्पट लय, बोटांवर मोजत बसलेलं. शिकवणारी मात्र एकटी मी.

मागच्या सत्रापासून मी ह्या सगळ्या तयारीत एआय वापरते आहे. आमच्या नागपुरात प्रतापनगर, धरमपेठ, महाल इकडच्या ओळखीच्या शिक्षकांना हे कळल्यापासून भेटलं की पहिला प्रश्न तोच असतो, की ताई नेमकं करता काय, मुलांना आता मशीन गाणं शिकवणार का. तर नाही, गाणं मीच शिकवते आणि समोर बसवूनच शिकवते. पण गाण्याच्या आजूबाजूचं जे काम असतं, नोंदी, तोंडी परीक्षेचे प्रश्न, लयकारीची गणितं, कार्यक्रमाचा क्रम, त्यात मला ह्याची खूप मदत झाली आहे आणि ती कशी झाली ते एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हणून हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते. ही गोष्ट शिकणाऱ्याच्या हातात देण्यापेक्षा शिकवणाऱ्याच्या हातात जास्त कामाची आहे, आणि ती किती कामाची ठरेल हे आपण क्लासमध्ये काय ऐकलं आणि ते किती नीट शब्दांत सांगितलं ह्यावरच ठरतं.

सुरुवात मी अगदी साध्या गोष्टीपासून केली. मुलं गेली की पाच मिनिटं फोनवर बोलायचं. टाइप करायचं नाही, फक्त बोलायचं, मराठीत, जसं तोंडात येईल तसं. म्हणजे असं काहीतरी: "भीमपलासवाली, काळी चार. छोटा ख्याल बरा बसला. आरोहात ग वर जाताना रे चा कण लागून राहिला, मुद्दाम नाही, घसरून येतो. तानेत लागत नाही, म्हणजे हळू गातानाच होतंय. समेवर येताना शेवटच्या दोन मात्रा पळवते. वादी म बरोबर सांगितला, संवादी विचारल्यावर गप्प." एवढंच. (कण म्हणजे एका स्वराला ओझरता लागलेला दुसरा स्वर, सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, वादी-संवादी म्हणजे रागातले सगळ्यात महत्त्वाचे दोन स्वर.) भीमपलासाच्या आरोहात, म्हणजे स्वर चढत जाताना, रे आणि ध वर्ज्य, म्हणजे घ्यायचे नाहीत, हे तिला पाठ आहे, लेखी पेपरात ती अचूक लिहिते, पण गळ्यातून तो रे डोकावतो आणि परीक्षक नेमकं तेच ऐकतो. फोन त्या बोलण्याचा मजकूर करतो, मग एआयला सांगितलेलं आहे की प्रत्येक विद्यार्थ्याच्या पानावर तारखेनुसार हे लाव, सूर, लय, राग आणि तोंडी असे चार कप्पे कर, आणि मी जे बोलले नाही ते स्वतःच्या मनाने घालू नको. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. ते सांगितलं नाही तर "आवाजात गोडवा आहे, नियमित रियाज केल्यास प्रगती होईल" असली वाक्यं आपोआप येतात जी कोणाच्याही पानावर चिकटवता येतात आणि म्हणून कोणाच्याच उपयोगाची नसतात.

रविवारी निवांत बसून मी त्या सगळ्या नोंदी एकत्र देते आणि विचारते की महिनाभरात कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा आली. एकदा ह्यातून असं दिसलं की समेवर येताना घाई होणं हे मी बऱ्याच जणांबद्दल बोलले होते, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या रागांत. आणि ही सगळी मुलं घरी तबल्याच्या ॲपवर एकाच ठरलेल्या लयीत रियाज करणारी निघाली. जी मुलं शनिवारी तबलजी येतात त्या बॅचला बसतात त्यांच्या पानावर ही तक्रार जवळपास नव्हती. माणूस साथीला असला की तो तुमच्याकडे बघतो, थोडं सांभाळतो, थोडं ढकलतो, त्यामुळे मुलाला समेची वाट बघायची सवय लागते, ॲपचा ठेका मात्र चालतच राहतो आणि मूल त्याला पकडायला धावतं. मग मी सगळ्यांना सांगितलं की तीच बंदिश तीन वेगळ्या लयींत म्हणा आणि एकदा ॲप बंद करून फक्त हाताने टाळी-खाली दाखवत म्हणा. ह्यात एआयने काही शोध लावला असं मी म्हणणार नाही, ऐकलं मीच होतं. पण इतक्या मुलांचं, इतक्या दिवसांचं ऐकलेलं एका जागी समोर मांडलं गेलं तेव्हा त्यातला धागा दिसला.

आणि ह्याचा दुसरा फायदा असा झाला की क्लास सुटल्यावर बोलायचं आहे हे माहीत असल्यामुळे मी क्लासमध्येच जास्त बारकाईने ऐकायला लागले. "आज बरी गायली" असं बोललं तर पुढे त्यातून काहीच निघत नाही. बरी म्हणजे काय, सूर स्थिर होता की बोल स्पष्ट होते की आवर्तन भरण्याची जाण दिसली, हे सांगावं लागतं. तरुण शिक्षक-शिक्षिकांना तर मी हेच सांगेन की बाकी काही करू नका, एवढं मात्र करून बघा.

आता तोंडी परीक्षा. सुरुवातीच्या परीक्षांना लेखी पेपर नसतो, सगळा भर प्रत्यक्ष गायनावर आणि परीक्षकांच्या प्रश्नांवर असतो, पुढे लेखीही येतो, वरच्या परीक्षांना तर मंचप्रदर्शनही असतं. मुलं व्याख्या घोकतात, "ठाठ म्हणजे काय" (स्वरांवरून केलेले रागांचे गट) विचारलं की धाडधाड सांगतात, पण परीक्षक तिथे थांबत नाहीत ना. ते म्हणतात भूपाचे स्वर कोणत्या दुसऱ्या रागात आहेत, मूल म्हणतं देशकार, मग म्हणतात बरं, आता दोघांतला फरक गाऊन दाखव. इथे घोकंपट्टी संपते. दोन्हीकडे सा रे ग प ध हेच पाच स्वर, पण भूप कल्याण ठाठातला, ग वादी ध संवादी, पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) खेळणारा, आणि देशकार बिलावल ठाठातला, ध वादी ग संवादी, उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) रमणारा, सकाळचा. हे गळ्यातून दाखवायचं तर मुलाला तयारी वेगळी लागते.

मी माझ्याच वह्या, माझ्याच नोट्स टाइप करून नोटबुकएलएममध्ये (आपण दिलेल्या मजकुरावरून उत्तरं देणारं गूगलचं एआय) टाकल्या आहेत आणि सांगते की ह्यातूनच प्रश्न काढ, बाहेरचं काही आणू नको, एका प्रश्नाच्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघाला पाहिजे, आणि दर तिसरा प्रश्न "गाऊन दाखव" किंवा "हातावर दाखव" असा पाहिजे. मंडळाचा चालू अभ्यासक्रमही सोबत टाकते, कारण जुन्या वह्यांवर विसंबून चालत नाही. प्रत्येक मुलाच्या पानावरच्या नोंदी पाहून प्रश्नांची अशी वेगळी साखळी तयार होते. ज्या मुलीला संवादी आठवत नाही तिला तो तीन वळणांनी विचारला जातो. हे मी हाताने करायला बसले तर रात्र जाईल, आणि मग दुसऱ्या दिवशी माझाच आवाज बसेल.

प्रश्न विचारायला मात्र मी स्वतः बसत नाही. मुलांना माझ्या चेहऱ्याची सवय असते, उत्तर चुकलं की माझी भुवई हलते आणि ती लगेच उत्तर बदलतात. म्हणून कधी शेजारच्या काकूंना कागद हातात देऊन बसवते, कधी फोनमधून एआयचाच आवाज प्रश्न विचारतो, मध्येच थांबवतो, "पुरे, आता अवरोह म्हणा" म्हणतो. पहिल्यांदा असं मध्ये तोडलं की लहान मुलं रडकुंडीला येतात, माझी प्रारंभिकची एक मुलगी तर पेटी सोडून आईकडे पळाली होती. पण परीक्षक खरंच मध्ये थांबवतात, त्यांच्यासमोर दिवसभर रांग असते, आणि थांबवलं म्हणजे आपलं चुकलं असं नसतं, हे मुलाला परीक्षेच्या आधी कळायला हवं.

माझ्याच नोट्समधून प्रश्न काढ असं मी का सांगते ते सांगायला हवं, कारण इथे बरेच जण फसतात. कुठल्याही चॅटवाल्या एआयला सरळ रागाची माहिती विचारली तर ती फार आत्मविश्वासाने मिळते आणि त्यात कर्नाटक संगीत कधी मिसळलं जाईल सांगता येत नाही. हिंडोल विचारावा तर त्यात हिंदोलमचे स्वर येतात. आपला हिंडोल तीव्र मध्यमाचा, कल्याण ठाठातला, आणि दक्षिणेकडचा हिंदोलम म्हणजे आपल्या मालकंसाच्या जवळचा, दोघांचा संबंध नाही. तोडीचंही तेच, तिकडची तोडी स्वरांनी आपल्या भैरवीच्या ठाठाशी जुळते. एखाद्या मुलाने हे वाचून पेपरात लिहिलं तर त्याचे गुण जातील ते जातीलच, पण डोक्यात बसलेलं काढणं जास्त अवघड. हे मशीन शब्दांपुढे शब्द जोडत जातं, एका नावाच्या दोन गोष्टी असल्या की त्याला त्या वेगळ्या ठेवणं कठीण जातं. त्याने ते गाणं कधी ऐकलेलं नाही, आपण ऐकलंय.

बंदिश तर त्याच्याकडून कधीच घेऊ नका, अगदी कधीच. मागितली तर तो स्वतः रचून देतो, ब्रजभाषेसारखी दिसणारी, त्याखाली मात्रांचं छान कोष्टक, आणि गायला गेलं तर मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, समेवर येत नाही. बंदिश गुरूकडून घ्यायची, नाहीतर खात्रीच्या छापील पुस्तकातून. ज्यांच्या नावाचं सभागृह आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे ते गायक डॉ. वसंतराव देशपांडे लहानपणी इथेच नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, आणि आज त्यांची रेकॉर्डिंग ऐकताना जे जाणवतं ते कोणत्याही कोष्टकात मावणारं नाही हे वेगळं सांगायला नको.

जुन्या वह्यांचा एक किस्सा आहे. माझ्याकडे एक जुनी वही आहे, पलुस्कर पद्धतीच्या स्वरलिपीत, म्हणजे सूर-ताल खुणांनी लिहायच्या पद्धतीत, लिहिलेली. त्या पानांचे फोटो एआयला दिले आणि भातखंडे पद्धतीत उतरवून मागितले, कारण मुलांना तीच वाचता येते. उतरवून मिळालं, दिसायला सुंदर, पण सगळे मंद्र (खालच्या सप्तकातले) स्वर तार (वरच्या) सप्तकात गेलेले! झालं काय, की भातखंडे पद्धतीत स्वराच्या वर टिंब असलं तर तो तार सप्तकातला आणि खाली असलं तर मंद्रातला, पलुस्कर पद्धतीत मात्र वर टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला उभी रेघ. समेची खूणही वेगळी, भातखंड्यांकडे गुणिलेचं चिन्ह, पलुस्करांकडे १ चा आकडा. मग मी दोन्ही पद्धतींच्या खुणांचा तक्ता आधी दिला आणि पुन्हा करायला सांगितलं, तेव्हा बरंचसं बरोबर आलं, तरी प्रत्येक ओळ पेटीवर वाजवून तपासली. तपासायला वेळ लागतो, पण कोऱ्या कागदावर उतरवण्यापेक्षा कमी लागतो. आणि हो, ह्या दोन्ही पद्धतींची तुलना वरच्या परीक्षांना विचारतात, त्यामुळे ती बिघडलेली पानं मी तशीच ठेवली आणि मुलींना दिली, शोधा म्हटलं काय चुकलंय. अर्ध्या तासात त्यांना दोन्ही लिप्या अशा समजल्या की मला वेगळा धडा घ्यावा लागला नाही.

लयकारीत मी जास्त रमते, म्हणून थोडं लांबेल. झपताल दहा मात्रांचा, २-३-२-३. त्याची तिगुन एका आवर्तनात बसवून समेवर यायचं असेल तर दहा भागिले तीन, म्हणजे तीन पूर्णांक एक तृतीयांश मात्रा लागतात. मग सुरुवात सहा पूर्णांक दोन तृतीयांश मात्रा गेल्यावर. म्हणजे सातव्या मात्रेत आधी दोन अवग्रह (रिकाम्या जागेच्या खुणा) आणि मग धी, आठव्या मात्रेत ना धी धी, नवव्यात ना ती ना, दहाव्यात धी धी ना, आणि सम. मोजून बघा, दहाच अक्षरं होतात. एकतालाला हे सोपं, बाराला तीनाने भाग जातो, नवव्या मात्रेपासून सुरू करा झालं. पण झपताल, रूपक, धमार इथे मुलं गोंधळतात. आणि एआयसुद्धा! त्याला नुसतं विचारलं की झपतालाची तिगुन लिही, तर बरेचदा सातव्या मात्रेपासूनच सरळ सुरू करतो, ते दोन अवग्रह खाऊन टाकतो, आणि मग शेवटी दोन अक्षरांची जागा भरायला काहीतरी कोंबतो. त्याला पायऱ्यांनी करायला सांगितलं, आधी भागाकार कर, मग सुरुवातीची जागा काढ, मग प्रत्येक मात्रेत तीन जागा आखून भर, शेवटी अक्षरं मोज, तर बरोबर येतं. मुलांनाही अगदी ह्याच पायऱ्या शिकवायच्या असतात, म्हणून मी ते त्यांच्यासमोरच करते. ते तपासतात, हातावर टाळी धरून म्हणून बघतात, चूक सापडली की केवढा आनंद! एरवी लयकारीचं नाव काढलं की पाणी प्यायला उठणारी मुलं आता स्वतःहून म्हणतात ताई आज धमाराची दीडपट देऊ त्याला.

सुराचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे मी जास्त सावध असते. रेकॉर्डिंगवरून सुराचा ग्राफ काढून देणारी साधनं आता भरपूर आहेत. मी सोनिक व्हिज्युअलायझर वापरते, लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातून आलेलं, फुकट मिळतं, ते काही चॅटवालं एआय नाही, पण गाण्याचा सूर वेळेनुसार रेषेत दाखवतं. आपल्या संगीतावर हे काम गंभीरपणे झालेलं आहे, बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेरा यांचा कॉम्पम्युझिक प्रकल्प होता ज्यात हिंदुस्तानी आणि कर्नाटक दोन्ही होतं, आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या गटाने केलंय. त्या लोकांनी एक गोष्ट पक्की धरली होती जी बाजारातली बरीच ॲप्स धरत नाहीत, की आधी गाणाऱ्याचा सा कोणता ते ठरवा, मग बाकीचं बोला. काळी चारचा सा साधारण २०८ हर्ट्झवर, पुरुषांची काळी एक १३९ च्या आसपास. सा चुकीचा धरला तर सगळा ग्राफ व्यर्थ.

बरं, सा बरोबर धरला तरी शुद्ध गंधार बघा. तानपुऱ्याच्या खर्जात जो गंधार आपोआप ऐकू येतो तो सा पासून ३८६ सेंटवर आहे (पेटीच्या शेजारशेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), आणि पेटीचा गंधार ४०० वर. जी मुलगी तानपुऱ्यात कान घालून अप्रतिम गंधार लावते तिला पेटीच्या मापाचं ॲप सांगणार की तू १४ सेंट खाली आहेस, आणि लाल रंग दाखवणार. दरबारीचा आंदोलित गंधार तर अशा ॲपला समजतच नाही, ते म्हणतं सूर हलतोय. अहो तो हललाच पाहिजे! भैरवाचा ऋषभ, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग जाणं), कण, हे सगळं त्याच्या दृष्टीने चूक. म्हणून ग्राफ मी बघते, मुलांना लाल-हिरवं दाखवत नाही. मोठ्या मुलींना दाखवते तेव्हा शेजारी एखाद्या मोठ्या कलाकाराच्या त्याच रागाचा ग्राफ ठेवते आणि फक्त विचारते काय वेगळं दिसतंय. एकीने बघून सांगितलं की त्यांची रेषा स्वरावर पोचायच्या आधी खालून येते आणि मी एकदम उडी मारते. हे तिला मी कितीदा तोंडाने सांगितलं होतं, पण तिने ते स्वतः पाहिलं, आणि लगेच तानपुरा लावून तेच वाक्य पुन्हा गायली.

एक व्यावहारिक गोष्ट, खास आपल्या नागपूरकरांसाठी. उन्हाळ्यात रेकॉर्डिंग करताना कूलर बंद करा. कूलरच्या आवाजात रेषा अशी वेडीवाकडी येते की काही वाचता येत नाही, आणि तानपुऱ्याचा आवाज मोठा असेल तर सॉफ्टवेअर गाणाऱ्याऐवजी तानपुऱ्याचीच तार पकडतं. तानपुरा इअरफोनमध्ये एका कानात द्या, कूलर तीन मिनिटं बंद, गाऊन घ्या, मग पुन्हा चालू. मुलं घामाघूम होतात पण तीन मिनिटांचं काही नाही.

आवाज फुटायच्या वयातल्या मुलांसाठीही त्या नोंदींचा उपयोग झाला. नववीतल्या एका मुलाच्या पानावर आठवड्यामागून आठवडा "वरचा सा ताणतो", "आज वरचा नि पण जड" असं येत गेलं, ते सलग वाचल्यावर त्याच्या आईला दाखवता आलं की ही आळसाची गोष्ट नाही, आवाज बदलतोय, पट्टी उतरवू आणि परीक्षा पुढच्या सत्रात देऊ. त्या आधी म्हणत होत्या काहून थांबायचं, दहावीच्या आत झालं पाहिजे. त्यांचंही चूक नाही, दहावीच्या बोर्डात शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, सगळ्यांनाच ते हवे असतात. पण त्या गुणांपायी फुटलेल्या आवाजावर जोर देऊन गळा कायमचा खराब करून घ्यायचा का? मला ह्या गुणांच्या घाईची खरंच काळजी वाटते, आणि एआयमुळे ती वाढू शकते, कारण आता कोणीही पालक घरबसल्या संभाव्य प्रश्न आणि तयार उत्तरांचा गठ्ठा काढून मुलाच्या हातात देऊ शकतो. ते पाठ करून मूल पास होईलही. पण सहा महिन्यांनी त्याला भूप गुणगुणावासा वाटणार नाही, आणि मग ती परीक्षा कशाला दिली?

कार्यक्रमांबद्दल थोडक्यात. गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम आम्ही कधी लक्ष्मीनगरला सायंटिफिक सभागृहात घेतो, कधी छोट्या हॉलमध्ये, आणि क्रम लावणं हे मोठं डोकेदुखीचं काम. दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, गाणाऱ्याच्या सा ला मिळवलेला असतो, त्यामुळे काळी एकवाल्यानंतर काळी चारवाली आणि मग पुन्हा काळी एक असं लावलं की तबलजी रात्रभर हातोडी घेऊन बसतात किंवा दायाँ बदलत बसतात. लहान मुलं आधी आटोपली पाहिजेत, कोणाची ट्यूशन सहाला सुटते, पेटीची साथ करणारे दादा आठनंतर नाहीत, आणि शक्यतो रागांच्या वेळेचा क्रमही पाळावासा वाटतो. ह्या सगळ्या अटी एआयला एकदा नीट सांगितल्या, प्रत्येकाची पट्टी आणि मिनिटं दिली, तर तो दोन-तीन क्रम काढून देतो आणि कुठली अट कुठे मोडली तेही सांगतो. शेवटचा हात मी फिरवते, कारण कोणी कोणानंतर गायलं तर घाबरतं हे फक्त मलाच माहीत. निवेदन मात्र मुलींकडूनच लिहून घेते.

हिंदी माध्यमाची मुलंही माझ्याकडे बरीच आहेत, नागपूर म्हटलं की ते आलंच, पेपर ती हिंदीत लिहितात. माझ्या मराठी नोट्स सोप्या हिंदीत करून द्यायला आधी कोणी नव्हतं, आता ते काम तासाभरात होतं, मग मी एकदा वाचून घेते.

मुलांची नावं आणि आवाज ह्याबाबतीत माझा नियम कडक आहे. नोंदींत नाव नसतं, राग आणि पट्टीवरून मला कळतं कोण ते. लहान मुलांची रेकॉर्डिंग कुठल्याही साइटवर चढवत नाही, ग्राफचं काम माझ्या लॅपटॉपवरच होतं. पालकांना हे आधी सांगते आणि ज्यांना नको त्यांचं वहीत लिहिते. तेवढं आपण पाळलंच पाहिजे.

परीक्षेच्या आधीचा आठवडा सगळं बंद. ग्राफ नाही, प्रश्नांची साखळी नाही, फोन पिशवीत. फक्त तानपुरा, आणि एकदा तबल्यासोबत पूर्ण परीक्षा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मी न टोकता. बर्फाचा गोळा आणि फ्रिजचं पाणीही बंद, ह्यावर दरवर्षी भांडण होतं.

आणि परीक्षेच्या दिवशी मी सेंटरच्या बाहेरच थांबते. मूल बाहेर आलं की आधी पाणी, मग लगेच विचारते की काय काय विचारलं, कुठे थांबवलं, काय गायला लावलं, कारण घरी पोचेपर्यंत ते अर्धं विसरलेलं असतं. ते तिथेच फोनवर बोलून ठेवते, मुलाच्याच शब्दांत. ह्यावेळी दोघींना दिलेल्या स्वरसमूहावरून राग ओळखायला लावला आणि तिथे दोघीही अडखळल्या, म्हणून नोव्हेंबरच्या बॅचच्या प्रश्नांत मी तो भाग आतापासूनच वाढवला आहे.